भुताने बांधलेल्या गाठी

आपल्या हॉस्टेलवर पुस्तकं दोन प्रकारची फिरतात. पहिल्या प्रकारची परीक्षेच्या आदल्या रात्री फिरतात, त्यांच्या झेरॉक्स निघतात आणि पेपर झाला की त्याच कागदात कॅन्टीनचे वडे बांधून मिळतात. दुसऱ्या प्रकारची वर्षभर फिरतात. त्यांना वर्तमानपत्राचं कव्हर असतं आणि कव्हरच्या आत काय आहे ते रेक्टर मॅडम सोडून सगळ्या मजल्याला ठाऊक असतं. (मॅडम, तुम्हालाही ठाऊक आहे, हे आम्हाला ठाऊक आहे!)

हा लेख दुसऱ्या प्रकारातल्या एका पुस्तकाबद्दल, खरं तर एका आख्ख्या मालिकेबद्दल आहे. लॉरेल के. हॅमिल्टन या अमेरिकन लेखिकेची 'अनिता ब्लेक' मालिका. पहिलं पुस्तक 'गिल्टी प्लेझर्स' १९९३ साली आलं, आणि २०२३ पर्यंत या मालिकेची पंचविसाहून जास्त पुस्तकं झाली. भुतंखेतं, मंत्रतंत्र, खून, पोलीस तपास आणि प्रेम. नायिका एक. तिचं प्रेम मात्र एकाच वेळी एकाहून जास्त जणांवर, आणि ते त्या सगळ्यांना माहीत. 'पॉलिअमरी' म्हणतात ते हेच.

विषय ऐकून आमच्या संपादक मंडळातल्या एकीने कपाळाला हात लावला. सर मात्र शांतपणे म्हणाले, "लिही. पण समजावून लिही, चटकदार करू नकोस." तेव्हा ज्यांनी चटकदार काहीतरी मिळेल म्हणून हे पान उघडलंय त्यांनी खुशाल पुढच्या पानावरच्या चारोळ्यांकडे जावं.

समजावून सांगण्याची गरज का पडली तेही सांगते. आपल्या कॉलेजात 'पॉली' म्हणजे पॉलिटेक्निक करून थेट सेकंड इयरला आलेली मुलं, एवढाच अर्थ बरीच वर्षं होता. हल्ली त्याला दुसरा अर्थ चिकटलाय. मागच्या सेमिस्टरला एका मुलाच्या दोन गर्लफ्रेंड निघाल्या. दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. उघडकीस आल्यावर साहेब काय म्हणाले असतील? "मी पॉली आहे. तुम्ही लोक जुन्या विचारांचे." त्या दोघींपैकी एक माझ्याच मजल्यावरची. आठ दिवस ती मेसमध्ये आली नाही, आम्ही आळीपाळीने ताट वर नेत होतो. तिला फसवलं गेल्याचं दुःख होतंच, पण जास्त त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. तिला वाटायला लागलं की आपण खरंच मागासलेल्या आहोत की काय? एका शब्दाने माणसाची अशी अडचण करता येते. म्हणून शब्द आणि पुस्तक, दोन्ही जरा उघडून बघू.

आधी पुस्तक. गोष्ट घडते अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस शहरात, मिसिसिपी नदीच्या काठी. सगळं आपल्या जगासारखंच, फक्त इथे व्हॅम्पायर खरे आहेत आणि कोर्टाने त्यांना नागरिक म्हणून मान्यता दिली आहे. त्यांचे नाइट क्लब आहेत, स्वतःचं चर्चसुद्धा आहे. लांडगा होणारी माणसं आहेत आणि तो चक्क संसर्गजन्य रोग आहे, कळलं तर नोकरी जाते. अनिता ब्लेक एका कंपनीत नोकरी करते. कंपनीचं काम मेलेल्यांना तासाभरासाठी उठवायचं. मृत्युपत्राचा वाद असला, विम्याची भानगड असली की वारसदार आणि वकील रात्री स्मशानात हजर, आणि ही प्रेताला उठवून साक्ष काढते. त्यासाठी बळी लागतो. मयत ताजं असेल तर कोंबडी पुरते, जुनं असेल तर बकरा. जितकं प्रेत जुनं तितका बळी मोठा. काम झालं की मीठ वापरून प्रेताला परत झोपवायचं. जोडधंदा म्हणून, कायदा मोडणाऱ्या व्हॅम्पायरना सरकारी हुकमाने मारण्याचं कामही तिच्याकडे आहे.

मला ही पहिली पुस्तकं आवडली ती यासाठी. जादू इथे धुक्यातून येत नाही, ती दरपत्रक घेऊन येते. किती जुनं प्रेत, किती बळी, किती फी. धारप आणि मतकरी वाचून वाढलेल्या माणसाला हा हिशेबीपणा गंमतशीर वाटतो. आपल्याकडच्या गूढकथेत माणूस वाड्यात शिरतो आणि दार आपोआप बंद होतं. इथे नायिका वाड्यात शिरण्याआधी बंदुकीत चांदीच्या गोळ्या भरते आणि कॉफी पिते.

आता प्रेमाकडे. सेंट लुइसच्या व्हॅम्पायरांचा मुख्य होतो ज्याँ-क्लोद. फ्रेंच, देखणा, शेकडो वर्षांचा, लेसचे शर्ट घालणारा. त्याचं अनितावर मन बसतं. दुसरा रिचर्ड. शाळेत विज्ञान शिकवणारा सज्जन मास्तर, आणि पौर्णिमेला लांडगा! त्याला हा रोग लशीच्या खराब बॅचमधून लागलेला. (लस देणाऱ्यांची इतकी अनोखी चूक मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेली नाही.) एकाला ती माणूस म्हणून हवी आणि राणी म्हणूनही, दुसऱ्याला ती बायको म्हणून, साध्या घरात, साध्या संसारात हवी.

इथपर्यंत हा नेहमीचा प्रेमाचा त्रिकोण झाला. हिंदी सिनेमात अशा वेळी एकजण मध्यंतरानंतर गोळी खातो आणि प्रश्न मिटतो. हॅमिल्टनबाईंनी कोणालाच मारलं नाही. त्यांनी जादूची एक तांत्रिक सोय केली, आणि माझ्या मते या सगळ्या मालिकेचं मर्म त्या सोयीत आहे.

सोय अशी. व्हॅम्पायर आपल्या माणसावर खुणा उमटवू शकतो. एकूण चार. खूण म्हणजे टॅटू नव्हे, तो जोड आहे, दोन टाक्यांमध्ये पाइप टाकावा तसा. एकाची ताकद दुसऱ्याला मिळते, एकाची जखम दुसऱ्याला जाणवते, स्वप्नात येजा होते. चारही खुणा पुऱ्या झाल्या की माणूस म्हातारा होत नाही. पण एक मेला तर दुसऱ्याचाही जीव धोक्यात. पहिल्याच पुस्तकात ज्याँ-क्लोद अनितावर दोन खुणा उमटवतो, तिला न विचारता. तिचा जीव वाचतो हे खरं, पण विचारलेलं नसतं हेही खरं. तिसऱ्या पुस्तकात ती या खुणांमधून सुटते. चौथ्या पुस्तकात रिचर्ड तिला लग्नाचं विचारतो, ती हो म्हणते, तर ज्याँ-क्लोद अडून बसतो. मलाही तितकाच वेळ द्यायचा, माझ्याबरोबरही फिरायचं, नाहीतर रिचर्डला मारीन. याला आपल्याकडे प्रेम म्हणत नाहीत, खंडणी म्हणतात. आणि सहाव्या पुस्तकात, 'द किलिंग डान्स'मध्ये, जीव जायची वेळ येते तेव्हा ही खुणांची गाठ तिघांमध्ये मिळून बसते: व्हॅम्पायर, लांडगा आणि प्रेतं उठवणारी. तिघांची शक्ती एकत्र, आणि एकेकट्याच्या कितीतरी पट.

आम्हा सिव्हिलवाल्यांना हे पटकन कळतं. तीन मेंबर पिनने जोडून त्रिकोण केला की तो हलत नाही. चौकोन कलंडतो, त्रिकोण नाही. म्हणून ट्रसमध्ये सगळीकडे त्रिकोण. पण तीनपैकी एक मेंबर बकल झाला की आख्खी चौकट गेली. रिचर्ड हा तो मेंबर. त्याला स्वतःतला लांडगा नको आहे, अनिताचा व्हॅम्पायर नको आहे, ही वाटणी नको आहे. तो पुस्तकामागून पुस्तकं रागावून निघून जातो आणि प्रत्येक वेळी बाकी दोघांची ताकद कमी होते. बऱ्याच वाचकांना तो रडका वाटतो. मला तो या सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. त्याला जे नको आहे ते तो नको म्हणतो. चूक एवढीच की निघून जातो आणि परत येतो.

सोयीचा मुद्दा इथे येतो. या नात्याला कोणीही शांतपणे बसून, विचार करून "हो, आपण तिघं असे राहू" असं म्हटलेलं नाही. जादूने ते करायला लावलं. जीव वाचवायचा होता, शत्रू दारात होता, शक्ती एकत्र आणायची होती. म्हणजे वाचकाला एकाच वेळी दोन सुखं. तिघांच्या प्रेमाची गोष्टही वाचायला मिळते आणि नायिका 'तसली' नाही याची खात्रीही राहते. बिचारी काय करणार, मंत्रच तसा होता!

हसू नका. ही युक्ती अमेरिकेत शोधलेली नाही. महाभारताचं आदिपर्व काढून बघा. अर्जुन पण जिंकून द्रौपदीला घरी आणतो, कुंती न बघताच "आणलंय ते सगळे मिळून घ्या" म्हणते, आणि आईचा शब्द खोटा पडू नये म्हणून पाच नवरे. द्रुपदाला हे मान्य नसतं. मग व्यास त्याला बाजूला नेऊन काय सांगतात? हे पाचही जण मुळात इंद्रच आहेत, आणि द्रौपदीने मागच्या जन्मी शंकराकडे पती पाहिजे असं पाच वेळा मागितलं होतं. म्हणजे कुंतीचा शब्द ही पहिली खूण आणि शंकराचा वर ही दुसरी. पंचाईत झाली की वरून कारण आणायचं. लग्नाच्या गाठी वर बांधलेल्या असतात असं आपण उगाच म्हणत नाही. वर बांधलेली गाठ असली की खाली कोणाला विचारावं लागत नाही. द्रौपदीला या सगळ्यात "बाई गं, तुझं काय म्हणणं?" असं कोणी विचारल्याचं मला तरी दिसलं नाही.

पण त्याच आदिपर्वात पुढे एक वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. नारद येतो आणि पाच भावांना सुंद-उपसुंदांची कथा सांगतो. एका तिलोत्तमेपायी दोन सख्खे भाऊ एकमेकांना मारून मेले. तेव्हा तुम्ही काहीतरी ठरवून घ्या, म्हणतो. मग पाच जण नियम करतात. एकजण द्रौपदीबरोबर एकांतात असताना दुसऱ्याने आत जायचं नाही, गेला तर बारा वर्षं वनवास. आणि पहिला नियम कोण मोडतो? अर्जुनच. एका ब्राह्मणाच्या गाई चोरांनी नेल्या, शस्त्रं धर्मराज आणि द्रौपदी होते त्या घरात, आणायला आत जावंच लागलं. धर्मराज म्हणतो, मला वाईट वाटलं नाही, राहा. अर्जुन म्हणतो, ठरलं ते ठरलं, आणि जातो. इथे वर नाही, शाप नाही. माणसांनी माणसांशी केलेला करार आहे आणि तो पाळलेला आहे. मात्र करारावर द्रौपदीची सही यातही नाही, हे लक्षात ठेवा, कारण आता ज्या शब्दाबद्दल बोलायचंय त्याचा सगळा भर तिथेच आहे.

'पॉलिअमरी'. 'पॉली' ग्रीक, म्हणजे अनेक. 'अमोर' लॅटिन, म्हणजे प्रेम. 'टेलिव्हिजन'सारखाच अर्धा ग्रीक अर्धा लॅटिन, जुगाड शब्द. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात तो २००६ साली आला. पण तो जन्मला कुठे ते ऐकण्यासारखं आहे, कारण जन्म खरोखरच्या मांत्रिकांच्या घरात झाला आणि त्या घराचा पाया दोन कॉलेजकुमारांनी घातला.

१९६१ साली रॉबर्ट हाइनलाइन या लेखकाची 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड' ही कादंबरी आली. हाइनलाइन मिसूरीचाच, शिक्षणाने नौदल अधिकारी. कादंबरीचा नायक मंगळावर वाढलेला माणूस. तो पृथ्वीवर येतो, एक पंथ काढतो. पंथातली माणसं एकमेकांबरोबर एका पेल्यातलं पाणी पितात आणि मग ती जन्माची नातलग. अनेकांचं अनेकांवर प्रेम, कोणाला कोणाचा मत्सर नाही. मत्सर का नाही? कारण मंगळाची भाषा शिकलं की तो आपोआप जातो. बघा, पुन्हा तीच सोय!

मिसूरीमधल्या फुल्टन गावात वेस्टमिन्स्टर कॉलेज आहे. चर्चिलने १९४६ मध्ये 'पोलादी पडद्या'चं भाषण केलं ते हेच कॉलेज. तिथल्या टिम झेल आणि लान्स ख्रिस्टी या दोन विद्यार्थ्यांनी कादंबरी वाचली आणि एप्रिल १९६२ मध्ये खरोखरच एकमेकांबरोबर पाणी प्यायले. आपण पुस्तक वाचून फार तर प्रोफाइलचा फोटो बदलतो. त्यांनी पंथ काढला. कादंबरीतलंच नाव ठेवलं, 'चर्च ऑफ ऑल वर्ल्ड्स', आणि १९६८ मध्ये त्याची रीतसर नोंदणी केली. निसर्गाला देव मानणारा, चेटूक आणि जुनी दैवतं मानणारा पंथ. त्याचं मासिक 'ग्रीन एग' निघायचं सेंट लुइसमधून. हो, अनिता ब्लेकच्याच शहरातून. हॅमिल्टनबाईंनी यावरून काही घेतलं असं मी म्हणत नाही. पण एकाच गावात आधी खरा पंथ आणि पंचवीस वर्षांनी काल्पनिक व्हॅम्पायर, हा योगायोग मला आवडला.

(या झेल महाशयांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांनी पुढे बोकडाच्या पिलाच्या शिंगांचे कोंब शस्त्रक्रियेने कपाळाच्या मधोमध सरकवून एकच शिंग वाढवण्याची पद्धत काढली, म्हणजे घरगुती युनिकॉर्न! त्यावर १९८४ मध्ये अमेरिकन पेटंट मिळवलं आणि ते प्राणी सर्कशीतही गेले. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय सुचत नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. बोकडाला न विचारता केलेल्या या कामाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण ते असो.)

झेलची बायको मॉर्निंग ग्लोरी. स्वतःला उघडपणे चेटकीण म्हणवणारी. दोघांचं लग्न १९७४ चं, आणि दोघांनी मिळून आयुष्यभर इतर साथीदारांनाही घरात घेतलं. १९९० मध्ये 'ग्रीन एग'मध्ये तिने 'अ बुके ऑफ लव्हर्स' नावाचा लेख लिहिला. त्यात 'पॉली-अमरस' हा शब्द आला आणि तिथून जगभर गेला. २०१४ मध्ये ती वारली.

आता गंमत बघा. बाई मंत्रतंत्र मानणारी, मासिक मांत्रिकांचं. लेखात मंत्र असतील असं वाटतं ना? त्यात नियम आहेत. हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लागतात तसे रोखठोक. पहिली गोष्ट, पूर्ण प्रामाणिकपणा, काहीही लपवायचं नाही. ज्याला हे असं राहणं मनापासून मान्य आहे त्याच्याशीच नातं जोडायचं. नवीन कोणाशी नातं जोडताना आधीच्याला सगळं माहीत हवं, त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. आरोग्याची काळजी कशी घ्यायची तेसुद्धा लिहिलंय. ज्या बाईकडे मंत्र होते तिने मंत्रावर भरवसा ठेवला नाही. तिला रोज त्याच घरात उठायचं होतं. मंत्र कादंबरीकारांना लागले, कारण त्यांना प्रकरण संपवून पुढच्या प्रकरणात जायचं असतं.

हा लेख मी आमच्या मजल्यावरच्या त्या मैत्रिणीला मराठीत सांगितला. ती ऐकत होती. मग म्हणाली,

"अगं, म्हणजे त्याने मला आधी विचारायला हवं होतं, एवढंच ना?"

"एवढंच."

"आणि विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते."

"मग नाही. विषय संपला. तो त्याच्या वाटेने, तू तुझ्या."

"आणि नाही म्हणणं म्हणजे मागास नाही?"

"कुठे लिहिलंय तसं?"

त्या दिवशी रात्री ती जेवायला खाली आली. भाजी दोडक्याची होती, तरी आली.

तर हा फरक डोक्यात ठेवून आता पुन्हा कादंबरीकडे जाऊ, कारण तिची खरी परीक्षा दहाव्या पुस्तकात आहे. 'नार्सिसस इन चेन्स', २००१. सहा महिने अनिता दोघांपासून लांब राहून परत आलीय. आणि इथे लेखिका एक नवीन जादू आणते. तिचं नाव फ्रेंच, 'आर्दर', म्हणजे धग. ज्याँ-क्लोदच्या घराण्यातली ही शक्ती खुणांमधून अनिताकडे येते. व्हॅम्पायरला रक्ताची भूक लागते तशी हिला आता वासनेची भूक लागते, दर काही तासांनी, आणि ती भागवली नाही तर तिचे आणि तिच्याशी जोडलेल्यांचे हाल. याच पुस्तकात मायका येतो, बिबळ्या होणाऱ्या माणसांचा मुख्य. ओळख होऊन पुरता दिवसही झालेला नसताना त्या धगीत जे घडायचं ते घडतं.

या ठिकाणी मालिकेचे वाचक दोन गटांत फुटले आणि आजही एक झालेले नाहीत. मी कुठल्या गटात ते सांगते. मला त्या प्रसंगात अंगावर काटा आला, आणि तो भुताचा नव्हता. तिथे 'हो' नेमकं कोण म्हणालं, अनिता की ती धग, हे पुस्तक नीट सांगत नाही. शुद्ध नसलेल्या माणसाचा होकार होकार धरत नाहीत. दारू पाजून घेतलेली सही कोर्टात टिकत नाही, मग मंत्र पाजून घेतलेली कशी टिकावी? पहिल्या पुस्तकात न विचारता खुणा उमटवल्या म्हणून अनिता ज्याँ-क्लोदवर कित्येक पुस्तकं चिडलेली असते. तेव्हा लेखिकेला प्रश्न दिसत होता. दहाव्यात तोच प्रश्न तिने रोमान्सच्या मखमलीखाली ढकलला असं माझं मत आहे. काही मैत्रिणी म्हणतात, अगं ती फँटसी आहे, एवढं काय मनावर घेतेस! फँटसी आहे म्हणूनच घेते. मंत्र माणसाने लिहिलाय. लेखिकेला हवं असतं तर त्या मंत्रात "आधी विचारावं" ही अट घालणं तिच्या एका वाक्याचं काम होतं.

मात्र त्यानंतर मालिकेत जे होतं त्याचं श्रेयही द्यायला हवं. अनिता, मायका आणि नाथॅनिएल एका घरात राहू लागतात. नाथॅनिएल हा लहानपणी फार सोसलेला, घरातून पळालेला पोरगा. आधी अनिताच्या आश्रयाला आलेला, हळूहळू साथीदार झालेला. तो स्वयंपाक करतो. आणि इथे पहिल्यांदा ही माणसं जादू सोडून बोलायला लागतात. आज कोण कुठे झोपणार, कोणाला वाईट वाटलं, तू त्याला जे सांगितलंस ते मला का नाही सांगितलं. एका मंत्राने जे करायचं टाळलं होतं ते सगळं स्वयंपाकघराच्या टेबलावर येऊन पडतं.

अडचण अशी की बोलणं मग थांबतच नाही. साधं गणित आहे. माणसं 'एन' असतील तर जोड्या किती? एन गुणिले एन वजा एक, भागिले दोन. तिघांत तीन जोड्या, चौघांत सहा, सात जणांत एकवीस. प्रत्येक जोडीचं एक रुसणं आणि एक समजूत धरली तरी बेचाळीस प्रसंग. पुढच्या पुस्तकांत साथीदार वाढत जातात आणि खुनाचा तपास कोपऱ्यात बसून जांभया देतो. काही प्रकरणं तर आपल्या मेस कमिटीच्या मीटिंगच्या इतिवृत्तासारखी वाटतात. पण हे कंटाळवाणं खरं आहे. ज्यांना 'पॉली' म्हणजे मजाच मजा वाटते त्यांनी ती पानं वाचावीत. सबमिशनच्या आठवड्यात एका माणसाशी नीट बोलायला वेळ नसतो, इथे एकवीस जोड्या आहेत.

सगळ्या मालिकेत मला मनापासून पटलेलं तिघांचं नातं मात्र वर्तमानातलं नाहीच, ते जुन्या आठवणीतलं आहे. सातव्या पुस्तकात, 'बर्न्ट ऑफरिंग्ज'मध्ये, ॲशर नावाचा व्हॅम्पायर येतो. अर्धा चेहरा अप्रतिम, उरलेला अर्धा भाजलेला. कैक वर्षांपूर्वी युरोपात तो, ज्याँ-क्लोद आणि जुलियाना नावाची एक माणूस स्त्री असे तिघं एकत्र होते. सुखात होते. चर्चच्या लोकांनी जुलियानाला चेटकीण म्हणून जाळलं आणि ॲशरच्या अंगातला सैतान घालवायला त्याच्यावर पवित्र पाणी ओतलं, त्याने तो भाजला. ज्याँ-क्लोद वेळेवर पोचू शकला नाही. तेव्हापासून दोघांमध्ये शब्द नाही, फक्त राग, आणि रागाच्या खाली दोघांचं एकाच बाईसाठी चाललेलं सुतक. तिसरी गेली आणि उरलेल्या दोघांना एकमेकांकडे बघवेना. इथे कोणतीही खूण कोणाला बांधत नाही, उलट सगळे जोड तुटलेत, तरी ती दोघं एकमेकांची आहेत हे कळतं. हॅमिल्टनबाई अशा वेळी फार कमी शब्दांत लिहितात. तसं त्यांनी जास्त वेळा लिहायला हवं होतं.

वाचायचंच असेल तर कसं वाचावं? पहिल्यापासून सुरुवात करा, 'गिल्टी प्लेझर्स', 'द लाफिंग कॉर्प्स', 'सर्कस ऑफ द डॅम्ड'. तिन्ही सुटसुटीत, भूतकथा म्हणून उत्तम, इंग्रजी सोपं. चौथं ते आठवं सलग वाचा, नाहीतर कोण कोणावर का चिडलंय ते कळणार नाही. दहाव्यापासून पुढे पुस्तकं सरळसरळ प्रौढांसाठी आहेत, हे फर्स्ट इयरवाल्यांना आधीच सांगून ठेवते. मधलं नववं, 'ऑब्सिडियन बटरफ्लाय', एकदम वेगळं आहे. त्यात अनिता न्यू मेक्सिकोला एका जुन्या मित्राच्या मदतीला जाते, दोन्ही प्रियकर सेंट लुइसला राहतात, आणि प्रेमप्रकरण जवळपास नाहीच. ज्यांना नुसतीच भुतं हवी आहेत त्यांनी सरळ तेच उचलावं. फक्त जेवणाआधी वाचू नका, त्यातल्या प्रेतांची वर्णनं फार सविस्तर आहेत.